सरांच्या खुर्चीत बसायचंय, पण सर अजून आहेत

या वेळी तीन पत्रं घेतलीत. तिन्ही आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, आणि ठरवून नाही पण विषय एकच निघाला, लॅबमधला जाणता माणूस आजारी पडला की मागे काय काय होतं. नावं, कंपन्या सगळं गाळलंय, त्यामुळे हे कोण असेल बरं म्हणून डोकं लावत बसू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापुरात एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये आहे, एमएस्सी केमिस्ट्री. आमच्याकडे द्राक्ष, डाळिंब, बेदाणा यांची रेसिड्यू टेस्टिंग चालते, म्हणजे फवारलेल्या औषधाचा अंश मालात किती उरलाय ते. मी एलसी-एमएस-एमएस मशीनवर असते, औषधाचा बारीकसा अंशही मोजणारं ते. आमचे टेक्निकल मॅनेजर सर हेच ऑथोराइज्ड सिग्नेटरी, म्हणजे रिपोर्टवर सही करायचा अधिकार असलेले, लॅब उभी केली ती त्यांनीच, मेथडी सगळ्या त्यांनीच बसवलेल्या. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या हातातून मायक्रोपिपेट सटकायला लागलं, आम्हाला वाटलं शुगरमुळे असेल, मग पुण्याला दाखवलं तर मोटर न्यूरॉन डिसीज निघाला, स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत जातात तो आजार. आता पेन धरता येत नाही, बोलणं जड झालंय. डोकं मात्र तस्संच, क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनचा आलेख, नुसता बघून सांगतात की मशीनचा सोर्स घाण झालाय, आधी साफ करा.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली की द्राक्षाचा सीझन अंगावर येतो, आणि मालक म्हणतात आता सगळं तूच बघायचं. एनएबीएल, म्हणजे लॅबला मान्यता देणारी संस्था, त्यांच्याकडून माझं नाव सिग्नेटरी म्हणून यायला वेळ लागेल, तोवर म्हणे सरांचा लॉगिन आहे, स्कॅन केलेली सही आहे, सीझन काढून घेऊ. सर पण म्हणाले कर गं, काय होतंय. मला ते पटत नाही पण नाही म्हणायची हिंमत पण होत नाही.

दुसरं म्हणजे, एक दिवस घरी जाऊन मी त्यांना एका कॅलिब्रेशनबद्दल विचारलं तर ते एकदम हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले, काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मी तशीच उठून आले आणि तेव्हापासून गेलेच नाही. इकडे ज्युनिअर पोरं मागे बोलतात की मॅडमचं नशीब उघडलं. पगार तेवढाच आहे. मी काय करू?

उत्तर : लॉगिनचं आधी सांगते, बाकीचं निवांत बोलता येईल. नाही म्हणजे नाही. मालक म्हणाले तरी नाही आणि सर म्हणाले तरी नाही. रिपोर्टखाली नाव असतं ते हा डेटा मी बघितला आणि मला पटला एवढ्यासाठीच असतं, ज्यानं बघितलाच नाही त्याचं नाव खाली लावलं की तो कागद खोटा, मग हेतू कितीही चांगला असू दे. आयएसओ १७०२५, म्हणजे टेस्टिंग लॅबसाठीचं मानक, त्याची २०१७ ची प्रत तुमच्या कपाटात असेलच, त्यात स्पष्ट आहे की रिझल्ट तपासायचा आणि सोडायचा अधिकार कोणाला दिलाय हे लॅबनं ठरवून, त्या माणसाची तयारी तपासून, लेखी ठेवायचं. शिवाय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो, किती वाजता कोणाच्या नावानं कुठला पीक, म्हणजे आलेखातलं टोक, हातानं इंटिग्रेट केला, म्हणजे मोजला, ते सगळं त्यात पडून राहतं. सर पुण्यात न्यूरोलॉजिस्टच्या दारात बसलेत आणि त्याच वेळी इकडे ते बॅच अप्रूव्ह करतायत, हे तपासणीला आलेल्या कुठल्याही असेसरला दिसेल. आणि नाही दिसलं, पण युरोपात एखादा कंटेनर अडकला, तर विचारणा कोणाच्या नावानं येणार? ज्या माणसाला उत्तर द्यायला तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या. मालकांना हे असंच्या असं सांगा, लॅबची मान्यता जाईल हेही सांगा, दुसरं वाक्य त्यांना लवकर समजेल.

आता मार्ग काय. सिग्नेटरी बदलतोय हे एनएबीएलला लगेच लेखी कळवायचं असतं, ते पत्र आजच गेलं पाहिजे. तुमचं नाव मंजूर होईपर्यंत आणि दुसरा कोणी मंजूर सिग्नेटरी नसेल तर त्या टेस्टचे रिपोर्ट एनएबीएलचा शिक्का लावून सोडता येत नाहीत, माल दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवा, गिऱ्हाईकाला सांगून पाठवा. धंदा बुडतो, मान्य आहे, थोडा बुडेल.

पण एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे आणि मालकांच्या डोक्यात आलेली दिसत नाही. सरांचं डोकं चालतंय. मग डेटा खरंच सरांनीच बघितला तर? घरी लॅपटॉप, लॅबला सुरक्षित जोडलेला, सर स्वतः क्रोमॅटोग्राम बघतात, स्वतःच्या लॉगिननं, एका बोटानं का होईना, स्वतः अप्रूव्ह करतात किंवा परत पाठवतात. ही त्यांचीच सही झाली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रिपोर्टला अधिकार देणाऱ्याची ओळख लागते, शाईचा पेनच लागतो असं नाही. मात्र हे एनएबीएलला कळवून, तुमच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये लिहून, सरांना आणि त्यांच्या डॉक्टरांना झेपेल तेवढंच, आणि त्याचा पगार देऊन. ज्या दिवशी सर म्हणतील आज नको, त्या दिवशी रिपोर्ट थांबतो. तुम्ही शेजारी बसून माउस हलवायचा नाही. हे किती दिवस चालेल ते आजारावर आहे, काही महिने मिळाले तरी तेवढ्यात तुमचं असेसमेंट होऊन जाईल.

शिकण्याचं बोलू. सर, मला सगळं सांगून ठेवा, असं म्हणत वही घेऊन बसू नका. सगळं असं काही नसतंच, आणि त्या वाक्यात तुम्ही जाणार आहात हेही ऐकू येतं. दहा ग्रॅम सॅम्पल, दहा मिली ॲसिटोनायट्रिल, मीठ टाका, हलवा, सेंट्रिफ्यूज करा, पीएसए पावडरनं साफ करा, ही क्वेचर्स नावाची मेथड २००३ पासून जगभर छापून पडलीय, त्यासाठी सरांचा श्वास खर्च करायची गरज नाही. पिठात पाणी किती ते लिहिता येतं, कडक भाकरी कधी उलटायची ते तव्यापाशी उभं राहून कळतं, तसं तुम्हाला सरांकडून तव्यापाशचं हवंय. ते जुन्या रॉ डेटात आहे. मागच्या तीन-चार सीझनमधल्या ज्या बॅच सरांनी परत लावायला लावल्या त्या काढा. रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या औषधातलं परत किती सापडलं ते, ७० ते १२० टक्क्यांत बसत होती, रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक यायची वेळ, नेहमीच्या ०.१ मिनिटाच्या आत होता, आयन रेशो, म्हणजे औषधाच्या दोन तुकड्यांच्या सिग्नलचं प्रमाण, ३० टक्क्यांच्या आत होता, कागदावर सगळं पास होतं, आणि तरी सरांनी बॅच अडवली. का अडवली? तिथंच त्यांचं वेगळेपण आहे. ब्लँकमध्ये, म्हणजे औषध नसलेल्या सॅम्पलमध्ये, बारीकसा पीक होता का, डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिननं सिग्नल दाबला होता का, आधीच्या सॅम्पलचा उरलेला अंश, म्हणजे कॅरीओव्हर, होता का. तुम्ही आधी स्वतः अंदाज लिहा आणि मग त्यांना दाखवा. बोलणं जड झालंय म्हणता, तर प्रश्न असा पाहिजे की उत्तर मानेनं देता येईल. हा पीक खरा का खोटा. ही बॅच सोडू का नको. पुष्कळांना सकाळी बोलायला जमतं, दुपारनंतर जीभ थकते, तेव्हा काकूंना विचारून सकाळची वेळ घ्या आणि अर्ध्या तासात उठा. रेकॉर्डिंग करायचं तर त्यांना विचारून करा.

२०१० ची गोष्ट सरांना जरूर विचारा, त्यांनी ती बघितलेली असणार. त्या सीझनला भारतातली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वॅटवरून अडकली, म्हणजे आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते वाढ रोखायचं औषध. लॅबनी टेस्ट केली नव्हती असं नाही, पण तपासायच्या यादीत ते औषधच नव्हतं, आणि ते इतकं पोलर, म्हणजे पाण्याकडे ओढ घेणारं, की नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये नीट येत पण नाही, त्याला वेगळी मेथड लागते. रिपोर्ट क्लीन होता आणि माल नापास. जी माणसं त्या वर्षी मशीनपाशी उभी होती ती आजही बागायतदाराला फोन करून विचारतात, फवारलं काय काय, शेजारच्या प्लॉटवर काय मारलं. तुमचे सर असा फोन करत असतील तर ते कुठल्याच एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, लिहिलेलं नसणार, ते तुम्ही उचला.

आणि ०.०१ ची डोकेदुखी. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. तुमचा आकडा आला ०.०१३. तिकडचा सरकारी तपासनीस कारवाई करताना ५० टक्के अनसर्टन्टी, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, वजा करतो, त्या हिशोबानं तो पास, पण निर्यातदारानं त्या सवलतीवर माल भरायचा नसतो, बंदरात दुसऱ्या लॅबला ०.०२५ आला तर कोण भरणार. सीझनमध्ये संध्याकाळी सात वाजता निर्यातदार समोर खुर्ची ओढून बसलेला असतो, मॅडम जरा बघा ना म्हणतो, तेव्हा काय बोलायचं हे सरांकडून ऐकून ठेवा. केमिस्ट्रीपेक्षा ते अवघड आहे आणि तुम्ही बाई आणि वयानं लहान म्हणून तुमच्यावर जास्त दाब येणार, हे मी गोड करून सांगत नाही.

आता ते हसणं-रडणं. तुम्ही उठून आलात, पुन्हा गेला नाहीत, म्हणजे मनात धरलंय की तुमच्या प्रश्नानं सर दुखावले. या आजारात काही जणांना असं होतं की हसू किंवा रडू आवरतच नाही, आत तसं काही वाटत नसलं तरी. मेंदूतून चेहऱ्यावर येणाऱ्या नसांवरचा ताबा सुटतो म्हणून होतं ते, आणि त्यावर औषधही असतं, काकूंनी न्यूरोलॉजिस्टला सांगितलंय का ते हळूच विचारा, पुष्कळ घरांत लोक लाजेनं सांगत नाहीत. त्या दिवशी सरांना वाईटही वाटलं असेल, मला काय माहीत, दोन्ही असू शकतं. पण तुम्ही जायचं बंद केलंत याचं जास्त लागलं असेल हे नक्की. या आठवड्यात जा. पहिल्या वेळी फाईल नेऊ नका, पुढच्या वेळी न्या. ते पुन्हा रडले तर थांबा, पाणी द्या, आणि जिथं होतो तिथून पुढे बोला. सांत्वन करायला येणारे घरी खूप असतात, आलेखाची बेसलाइन का हलतेय म्हणून विचारायला येणारं दुसरं कोण आहे त्यांना.

काकू बघत राहिल्या म्हणता. त्यांच्या बाजूनं बघा, नवऱ्याची जागा घेणारी पोरगी दारात आलीय. त्यांच्याशी स्वतंत्र बोला, आणि मुख्य म्हणजे एक कामाची गोष्ट त्यांना सांगा, कारण मालक सांगणार नाहीत. सरांनी आत्ता राजीनामा देऊ नये. हल्ली गोड बोलून घेतात, तब्येत बघा सर, कागदावर सही करून टाका, मग बघू. पीएफ कापला जात असेल तर त्यासोबतच ईडीएलआयचा विमा असतो, सेवेत असताना माणूस गेला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, मस्टरवरून नाव गेलं की ते अडतं. पीएफच्या ईपीएस पेन्शनचे सभासद असतील तर नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन आहे, १० वर्षं भरली नसली तरी. ग्रॅच्युइटीला एरवी ५ वर्षांची अट असते, अपंगत्व आणि मृत्यूच्या केसमध्ये ती नसते. तेव्हा बिनपगारी रजेवर का होईना नाव राहू दे, पीएफ ऑफिसात नीट चौकशी करून मग काय तो निर्णय घ्या.

तुमच्या पगाराचं. जबाबदारी सिग्नेटरीची आणि पगार केमिस्टचा, हे चालणार नाही, आणि सर आजारी असताना पैशाचं कसं बोलू हा संकोच मालकांच्या सोयीचा आहे, सरांच्या नाही. पद आणि पगार लेखी मागा, अधिकारपत्र मागा, आणि बॅच थांबवायचा अधिकार त्यात लिहून घ्या. एकटीनं नका घेऊ, एक ज्युनिअर लगेच तयारीला लावा, नाहीतर उद्या तुम्ही बाळंतपणाला किंवा डेंग्यूनं पडलात की लॅब परत इथंच.

पोरांचं सोडा. नशीब उघडलं म्हणणाऱ्याला जीसी मशीनच्या रात्रपाळीला लावा, चार दिवसांत समजेल त्याला नशीब कशाला म्हणतात ते.

प्रश्न : माझे मिस्टर साखर कारखान्यात चीफ केमिस्ट. दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गळीत चालू आहे आणि कारखान्यातून रोज फोन, रसाची प्युरिटी का पडली, पॅनला मळी किती घ्यायची, सीझनअखेरच्या आरटी-८सी रिपोर्टचे मागचे आकडे कुठंत. डायलिसिसच्या बेडवर पण फोन. मी बंद केला तर तेच चिडतात. काय करावं?

उत्तर : वहिनी, फोन पूर्ण बंद करू नका, ते चिडतात त्याला कारण आहे. इतकी वर्षं ज्या माणसानं वास घेऊन रस आंबला का सांगितलं त्याला कोणी विचारेनासं झालं तर तेही सोसत नाही. पण फोनची वेळ तुम्ही ठरवा, डायलिसिसच्या दिवशी अजिबात नाही, बाकीच्या दिवशी एकदाच, तुमच्या मोबाईलवर, आणि तिकडून एकाच माणसानं, जो त्यांची जागा बघतोय त्यानंच. सगळ्या शिफ्टनी उठसूट लावायचा नाही. आकडे कुठं आहेत असल्या फोनला उत्तर देऊ नका, ते त्यांच्या कपाटात आहेत आणि कपाटाची चावी कारखान्याकडे आहे. प्युरिटी का पडली याला त्यांना बोलू द्या. आणि हे चीफ इंजिनिअरला किंवा एमडींना तुम्ही स्वतः सांगा, मिस्टरांमार्फत नको, ते कारखान्याला नाही म्हणणार नाहीत, जन्मात म्हटलं नसेल.

त्यांच्या जागी जो आलाय तो रोज फोन करतोय म्हणजे घाबरलाय बिचारा. त्याला रविवारी एकदा घरी बोलवा. मिस्टरांच्या मागच्या गळिताच्या डायऱ्या असतीलच, त्या त्याच्यापुढे टाका, दोघं बसू देत दोन तास. चहा तेवढा त्याला एकट्याला द्या, मिस्टरांना पाणी मोजून असेल.

प्रश्न : मी पंढरपूर भागातला द्राक्ष बागायतदार. आमचा माल ज्या लॅबला जातो तिथले जुने साहेब लई आजारी आहेत म्हणे आणि आता कोणीतरी नवीन मॅडम रिपोर्ट देणार. जुन्या साहेबांवर आमचा डोळे झाकून विश्वास. आता दुसरीकडं जावं का?

उत्तर : दादा, डोळे झाकून तेव्हाही ठेवायला नको होता, पण असो. नवीन माणूस म्हणून लॅब सोडू नका. रिपोर्टवर एनएबीएलचा शिक्का आहे का बघा, सही कोणाची आहे बघा, आणि लॅबला सरळ विचारा की या टेस्टसाठी या मॅडम मंजूर सिग्नेटरी आहेत का. एनएबीएलच्या साइटवर त्या लॅबचा स्कोप सापडतो, म्हणजे कुठल्या मालात कुठलं औषध तपासायची मान्यता आहे ती यादी, पोराला मोबाईलवर काढायला सांगा. तुम्ही मारलेलं औषध त्या यादीत नसेल तर साहेब जुने असोत की नवे, तो रिपोर्ट त्या औषधाबद्दल काहीच बोलत नाही.

खात्री करायचीच असेल तर एकाच वेळी काढलेलं सॅम्पल, नीट एकत्र करून दोन भाग, दुसरा भाग दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबला. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, थोडाफार फरक येतोच, एकीकडे ०.०२ आणि दुसरीकडे ०.०२६ आला म्हणून भांडायला जाऊ नका. एकीकडे काहीच नाही आणि दुसरीकडे मर्यादेच्या पाचपट, असं झालं तर मात्र दोन्ही लॅबना फोन करा.

आणि मॅडम फोन करून विचारतील काय काय फवारलं म्हणून, तेव्हा खरं सांगा. दुकानदारानं बिनबिलाची बाटली दिली असेल तर तीही सांगा, तिच्यात काय होतं हे लेबलवर लिहिलेलं असेलच असं नाही, आणि कुठल्या मेथडनं शोधायचं ते त्यांना तुमच्याकडूनच कळणार आहे.